केवळ संशोधनासाठी

“अहो डॉक्टर, ‘इत्यादी’ला माफी नसते.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मॅडमचं बोट माझ्या अर्जातल्या एका शब्दावर टेकलेलं होतं. चष्मा कपाळावर, मान खाली आणि बोट कागदावर. एखादा शब्द खटकला की त्या असं बोट ठेवत आणि समोरचा माणूस तो शब्द मागे घेईपर्यंत उचलत नसत. मी लिहिलं होतं : यंत्र, पंप, नळ्या, इत्यादी.

“इत्यादी म्हणजे काय काय?”

“म्हणजे... बरोबर येणारं लहानसहान सामान.”

“कस्टमवाले लहानसहानच धरतात. मोठं यंत्र काय, सगळ्यांनाच दिसतं. एकेक वस्तू लिहा. स्क्रूसकट.”

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पद मोठं नसतं, खोली जिन्याखालची असते, पण त्यांच्या टेबलापुढे भल्याभल्यांच्या पदव्या जरा मऊ पडतात. आमच्या संस्थेत ती जागा खरेदी विभागातल्या मॅडमची होती. संस्था पुण्यातली, संशोधनाची. आपल्याकडे न बनणारी उपकरणं परदेशातून मागवावी लागत, आणि अशा उपकरणांवरचं आयात शुल्क सरकार आम्हाला माफ करत असे. त्यासाठी संस्थेनं एक प्रमाणपत्र द्यायचं, की हे उपकरण केवळ संशोधनासाठी वापरलं जाईल आणि पाच वर्षं दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. त्या कागदावर सही संचालकांची असे. शब्द मात्र मॅडमचे.

मी तेव्हा नुकताच सात वर्षं परदेशात काढून परतलो होतो, त्यामुळे डोक्यात थोडं वारं होतं. यादी तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मी तिरीमिरीत त्यांच्या खोलीत शिरलो. म्हणालो, “मॅडम, तिकडे हेच यंत्र दोन ओळींच्या चिठ्ठीवर येतं.”

“तिकडे ते परदेशी नसतं, डॉक्टर,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला.

मी मुकाट्यानं बसून यादी केली. एकशे बारा वस्तू झाल्या.

त्यांच्या म्हणण्यातलं खरंखोटं पुढे मुंबईच्या विमानतळावर कळलं. यंत्र होतं पदार्थातले रेणू एकेक करून तोलणारं. ते एका देशातून निघालं आणि त्याचा निर्वात पंप दुसऱ्या देशातून, वेगळ्या खोक्यात आला. तिथल्या अधिकाऱ्यानं यंत्र सोडलं, पंप अडवला. पंप काय, कुणीही कशालाही वापरेल, त्याला माफी कशी?

मॅडम आणि मी संस्थेच्या गाडीनं मुंबईला निघालो. वारजे ओलांडलं नाही तोच त्यांनी वही काढली. “आता मला सांगा, हा पंप नेमकं काय करतो?” मी सांगायला लागलो. त्या मधेमधे थांबवत. आत हवा राहिली तर काय होईल? रेणू हवेच्या कणांवर आपटतील, असं कसं? मग ते तोलता का येणार नाहीत? तळेगाव, लोणावळा गेलं, घाट उतरलो, तरी प्रश्न संपेनात. इतके नेमके प्रश्न मला मुलाखतीतही कुणी विचारले नव्हते. मी न राहवून विचारलं, “मॅडम, तुम्ही सायन्सच्या का?”

“दहावीला सायन्समध्ये वर्गात पहिली होते,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “अकरावीचा फॉर्मही भरला होता.”

त्याच महिन्यात त्यांचे वडील गेले होते. कारखान्यात फिटर होते. घर बौद्ध, शिक्षणावाचून आपल्याला दुसरी इस्टेट नाही, असं मानणारं. पण पाठच्या दोन बहिणी शिकायच्या होत्या आणि थोरल्या या. टायपिंग शिकून त्या नोकरीला लागल्या, बी.कॉम. नोकरी सांभाळून केलं, बहिणींना शिकवलं, त्यांची लग्नं लावली. स्वतःचं राहून गेलं. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं आणि डबा उघडून माझ्यापुढे धरला. “शेंगदाण्याची चटणी तिखट आहे. आधी पोळी घ्या.”

विमानतळावरच्या मालगोदामात अधिकाऱ्यापुढे मी शास्त्र सांगायला लागलो. दोन मिनिटांत त्याचे डोळे जड झाले. मॅडमनी माझ्या दंडाला हलकेच स्पर्श करून मला थांबवलं.

“साहेब, तुमच्या घरी कुकर आहे ना?”

“आहे की.”

“उद्या कुकर एका दुकानातून आणला आणि शिट्टी दुसऱ्यातून, तर शिट्टी काय तुम्ही शोकेसमध्ये ठेवाल? या पंपावाचून ते यंत्र म्हणजे नुसतं पातेलं आहे. आणि हे बघा, यादीत सत्तावन्नाव्या नंबरावर पंप लिहिलाय. कशासाठी, तेही लिहिलंय.”

अधिकारी हसला. त्यानं सत्तावन्नावा नंबर शोधला, वाचला आणि शिक्का मारला. परतीच्या वाटेवर मॅडम गाडी सुरू होताच गाढ झोपल्या, त्या थेट चांदणी चौकात जाग्या झाल्या.

यंत्र बसलं, सुरू झालं. महिन्याभरानं सहज बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की वीस-बावीस वर्षांत शेकडो उपकरणं या बाईंनी देशात आणली, पण त्यातलं एकही चालताना पाहिलं नाही. कुणी बोलावलंच नव्हतं. मी बोलावलं. त्या प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढायला लागल्या. “राहू द्या हो मॅडम,” म्हटलं, तरी काढल्याच. आत येऊन आधी यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा नंबर हातातल्या कागदाशी ताडून पाहिला. मग म्हणाल्या, “हं. आता याला काहीतरी खायला घाला.”

मी म्हटलं, तुम्हीच द्या. त्यांनी पर्स चाचपली. घशासाठी एका पुडीत लवंगा ठेवलेल्या असत, त्यातली एक काढून दिली. मी तिचा अर्क करून यंत्रात सोडला. पडद्यावर एकामागून एक उंच सुळके उभे राहायला लागले आणि मी त्यांना एकेका सुळक्यामागच्या द्रव्याचं नाव सांगत गेलो. त्या पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “एवढं सगळं एका लवंगेत? आणि आम्ही नुसतं लवंग, लवंग म्हणतो.”

त्या दिवसापासून आमची ओळख नुसती कामाची राहिली नाही. म्हणून काही त्या मला सोडून देत होत्या असं मात्र नाही. एका औषध कंपनीनं आपले नमुने दर आठवड्याला आमच्या यंत्रावर तपासून मागितले. बदल्यात माझ्या एका हुशार विद्यार्थिनीला ते नोकरी देणार होते. मी खूश होतो. मॅडमनी माझ्या पत्रावर बोट ठेवलं. “‘तपासणी सेवा.’ हा शब्द कुणाचा?”

“कंपनीचा.”

“मग कंपनीला परत द्या. आपण लिहून काय दिलंय? केवळ संशोधनासाठी. यंत्र येऊन दोन वर्षं झालीत.”

“मॅडम, कुणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना,” त्या म्हणाल्या. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा तसं दाखवलं नाही. जिन्यात भेटल्या की “काय म्हणतंय तुमचं पातेलं?” एवढं विचारत.

आता जे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या पावसाळ्यातलं. शनिवार होता, संस्थेला सुट्टी. मी सकाळी काही कामासाठी प्रयोगशाळेत आलो होतो. अकराच्या सुमाराला एका हॉस्पिटलमधून फोन आला. बोलणाऱ्या डॉक्टरबाई तरुण असाव्यात, आवाज घाबरलेला होता पण बोलणं नेमकं. कात्रजच्या पलीकडच्या एका गावातलं कुटुंब त्यांच्याकडे दाखल होतं : आजोबा, सून आणि आठ वर्षांची नात. संकष्टीच्या उपासाला आजोबांनी रानातून रताळ्यासारखे कंद आणले होते. उकडून तिघांनी खाल्ले. उलट्या, जुलाब सुरू झाले. दोन दिवसांनी तिघांनाही उतार पडला. आजोबा तर उठून बसले, चहा मागितला, आणि त्या रात्री अचानक गेले.

“सून आणि नात आता बऱ्या दिसतायत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वरिष्ठ म्हणतात, आजोबांचं वय झालं होतं, या दोघींना संध्याकाळी घरी सोडा. माझं मन घेत नाही, सर. त्या कंदात काय होतं ते मला कळायला हवं. सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला दिवस लागतील. उरलेला एक कंद आहे माझ्याकडे. दोघींचं रक्तही आहे.”

मी “पाठवा” म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. हॉस्पिटलसाठी नमुने तपासणं म्हणजे तीच ‘तपासणी सेवा’. संचालक परदेशी निघालेले, विमानात होते. प्रशासन अधिकाऱ्यांना फोन केला, तर ते म्हणाले, “नियमात बसत नाही. सोमवारी बघू.” खरं सांगतो, मला भीती वाटली. मी मॅडमना घरी फोन लावला. मनात होतं, त्या नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “आलेच,” म्हणाल्या. वीस मिनिटांत कर्वेनगरहून रिक्षानं हजर. केस ओले, हातात प्रमाणपत्राची फाइल. जिन्याखालची खोली उघडून बसल्या, ते पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“डॉक्टर, त्या कंदात काय आहे, तुम्हाला माहीत आहे?”

“नाही.”

“त्या डॉक्टरबाईंना?”

“नाही, म्हणून तर...”

“दुसऱ्या कुणाला?”

“आज तरी कुणालाच नाही.”

“मग जे कुणालाच माहीत नाही ते शोधायचं, याला तुमच्यात काय म्हणतात?”

मी ‘संशोधन’ म्हणेपर्यंत त्यांनी लिहायला घेतलं होतं. रानातल्या अनोळखी कंदाचा अभ्यास, हॉस्पिटलच्या डॉक्टर सहसंशोधक, कोणताही मोबदला नाही, निष्कर्ष दोन्ही संस्थांकडे राहतील. खाली तारीख, वेळ आणि स्वतःची सही.

“मॅडम, तुमचं निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. सही मी करतो.”

“तुम्ही सोमवारी करा. आता तुम्ही वर जा. सही करण्यात हात गुंतवू नका.”

नमुने साडेबाराला आले. मॅडम घरी गेल्या नाहीत. प्रयोगशाळेच्या दाराशी एका स्टुलावर बसून राहिल्या; मधे एकदा मला बळेच दोन केळी खायला लावली. कंदाच्या अर्कात एक सुळका सगळ्यांहून उंच आला. त्याचं वजन एका वनस्पतीविषाशी जुळत होतं. खात्रीसाठी शुद्ध पदार्थ हवा होता. तो वरच्या मजल्यावरच्या वनस्पतीवाल्यांच्या फ्रीजमध्ये मिळाला, कारण ते पेशींवरच्या प्रयोगांसाठी तोच वापरतात. दोन्ही तंतोतंत जुळले. कंद कळलावी या विषारी वेलीचा होता. तेच विष दोघींच्या रक्तातही होतं.

मी डॉक्टरबाईंना फोन केला तेव्हा चार वाजत आले होते. त्यांनी विषाचं नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. मग त्या म्हणाल्या, “सर, हे विष मधे फसवं बरं वाटू देतं. खरे वाईट दिवस आता सुरू होतील. घरी पाठवलं असतं तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि फोन ठेवला. दोघींना त्याच संध्याकाळी अतिदक्षता विभागात हलवलं.

पुढचे दहा दिवस फार कठीण गेले. रक्तातल्या पेशी घसरल्या, मुलीला ताप चढला. मॅडम रोज साडेदहाला खोलीत पाऊल टाकताच मला फोन करत. “आज कसं?” एवढंच. अकराव्या दिवशी मी म्हटलं, “चढायला लागल्यात पेशी,” तर त्यांनी फोनच खाली ठेवला. मी खाली गेलो. त्या चष्मा पुसत बसल्या होत्या.

सगळं इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं. पण महिन्याभरानं वरून विचारणा आली. सवलतीत आणलेलं यंत्र सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना बाहेरच्या कामाला का वापरलं, दोघांनीही लेखी खुलासा द्यावा. मी घाबरलो. माझं प्रमोशन तोंडावर होतं. घरी बसून मी खुलासा लिहिला. त्यात एक वाक्य होतं : ‘खरेदी विभागाच्या लेखी टिपणीवर केवळ विसंबून मी ही चाचणी केली.’ लिहिताना मी स्वतःला सांगत होतो, की यात खोटं काहीच नाही.

खुलासा वर जाण्याआधी फाइल मॅडमकडेच यायची, हे मी विसरलो होतो. त्यांनी मला बोलावलं. चष्मा कपाळावर, बोट शब्दावर. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “डॉक्टर, यातला ‘केवळ’ काढा.”

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

“बाकी वाक्य बरोबर आहे. टिपणी माझीच आहे. पण तुम्हीही होतात ना तिथे?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी कागद घेतला, तिथेच फाडला आणि त्यांच्याच टेबलावर बसून नवा लिहिला. निर्णय माझा होता, यंत्र मी चालवलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा चालवीन. त्यांनी वाचला. “‘पुन्हा’ दोनदा आलंय,” म्हणाल्या, “पण राहू द्या.”

दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. माझं प्रमोशन वर्षभर लांबलं. मॅडमना आयातीच्या टेबलावरून हलवून जुन्या कागदपत्रांच्या दालनात बसवलं. नोकरीचे शेवटचे चौदा महिने त्या तिथे होत्या. मी भांडायला निघालो होतो, तर त्यांनी अडवलं. “कुठे जाताय? इथे बरंय. सगळे कागद गप्प आहेत, कुणी तिसऱ्यांदा यादी घेऊन येत नाही.” पण नवं खोकं आल्याचं कळलं की त्या दुपारी दारापर्यंत येऊन बघून जात, हे मी पाहिलं आहे.

निवृत्तीनंतर त्या धाकट्या बहिणीकडे नाशिकला गेल्या. अधूनमधून फोन व्हायचा. गेल्या वर्षी बहिणीचाच फोन आला. झोपेत गेल्या, म्हणाली, काही त्रास झाला नाही. आता आयातीचे नियम बदलले आहेत आणि अर्ज पडद्यावर भरायचे असतात. चूक झाली तर लाल अक्षरं येतात. लाल अक्षरं पोळी पुढे करत नाहीत.

मॅडम आठवतात त्या मात्र मला कागदांच्या दालनातल्या. त्या तिथे बसायला लागल्या त्याच हिवाळ्यातली गोष्ट. गेटवरून निरोप आला, की एक बाई आणि मुलगी भेटायला आल्यात. कात्रजपलीकडची ती सून होती, जोडीला नात. पिशवीतून ताजा हरभरा आणला होता. मी त्यांना खाली मॅडमकडे घेऊन गेलो. बाईनं वाकून नमस्कार करायला हात पुढे केले, तसे मॅडमनी ते वरच्या वर धरले. “पाया नका पडू हो. बसा.”

मुलीनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. त्या विषानं आजाराच्या तिसऱ्या आठवड्यात तिचे सगळे केस गळाले होते. “शाळंत पोरं चिडवत्यात,” आई म्हणाली. “रुमाल सोडतच न्हाई. झोपताना बी बांधलेला असतो. आता येत्यात तरी केस, पण तिला खरं वाटंना.”

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि मुलीपुढे जमिनीवर बसल्या. दोघी बराच वेळ एकमेकींकडे बघत होत्या. मॅडमनी रुमालाला हात लावला नाही. शेवटी मुलीनंच गाठ सोडली. डोक्यावर बोटभरसुद्धा नाहीत असे काळेभोर, मऊ केस उगवले होते. मॅडमनी तळहात त्यावरून फिरवला, एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे, आणि डोळे मिटून घेतले.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “इकडे या. हात लावून बघा.”